कोकणातला चढता नेचा कुंडीत लावताना

लायगोडियम म्हणजे हाच चढता नेचा (फर्न). त्याचा वेल म्हणजे खोड नव्हे, ते एकच लांबत जाणारं पान! खरं खोड मातीत आडवं असतं. म्हणून या खोडाचा गड्डा इंचभरच खोल ठेवा, खोल पुरला तर कुजतो.

आठ इंची कुंडीत दोन भाग पानांचं खत, एक भाग माती, एक भाग जाडसर वाळू घाला. जागा सावलीची, पण उजेडाची हवी. आधाराला सुतळी बांधा. जाड काठीला त्याचा बारीक दांडा नीट वेढा घालत नाही.

माती दमट हवी, चिखल नको. टोकं करपली तर कोरडी हवा किंवा जास्त खत, हे कारण असू शकतं. पानाच्या कडेला बारीक झालरीसारखी बोटं दिसली की घाबरू नका, ती कीड नाही, त्यांत बीजाणू (नेच्याचे बियांसारखे सूक्ष्म कण) तयार होतात. वाळलेलं पान मातीलगत कापा.