इंटरव्हलमध्ये पहिल्याच फेरीत दम लागतो? या चुका टाळा

चार मिनिटं जोरात पळायचं, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. नॉर्वेतल्या संशोधकांमुळे लोकप्रिय झालेला हा ४×४ इंटरव्हल आता आपल्याकडेही बरेच जण करतात. पण ट्रॅकवर बघावं, तर पहिल्या फेरीतच अर्धे जण गळपटलेले.

घोटाळा होतो तो पहिल्या अर्ध्या मिनिटात. पळायला लागलं की स्नायूंना ऊर्जा त्याच क्षणी हवी असते, ऑक्सिजनचा वापर मात्र सावकाश चढतो. सराव नसलेल्या माणसाला वरच्या पातळीजवळ पोहोचायला दोनेक मिनिटं सहज लागतात. मुरलेला धावपटू लवकर पोहोचतो. तोवरची तूट स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट (ऊर्जेचा झटपट वापरता येणारा साठा) आणि ऑक्सिजनशिवाय होणारं ग्लुकोजचं विघटन भरून काढतं. ही पुंजी तुटपुंजी असते. पहिले शंभर मीटर स्प्रिंटसारखे मारले, की ती तिथंच संपते आणि उरलेली तीन मिनिटं पाय दगडासारखे जड.

आमच्या गटातल्या एका काकू घड्याळात नाडी चढेना म्हणून सुरुवातीलाच वेग वाढवायच्या. त्यांना एवढंच सांगितलं, पहिलं मिनिट घड्याळ बघू नका, चौथ्या मिनिटाला जमेल त्याच वेगाने निघा. नाडी कमाल ठोक्यांच्या ९० टक्क्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला आपोआप गेली. चारही फेऱ्या त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण केल्या.

वॉर्मअप गाळू नका. दहा मिनिटं हळू पळून एखादी थोडी वेगवान फेरी मारली, की स्नायूंकडे रक्त आधीच वाढलेलं असतं. मधल्या विश्रांतीत बाकावर बसूही नका, हळू पळत राहा. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते.

आणि तो ऑक्सिमीटर! कोरोनापासून घरोघरी आहे, म्हणून लोक धाप लागली की बोटाला लावतात. ‘९७ दाखवतोय, मग दम का लागतो?’ रक्तातलं हिमोग्लोबिन किती भरलंय एवढंच तो सांगतो. स्नायूंनी किती ऑक्सिजन वापरला, ते त्याला कळत नाही. धाप वाढते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, तर फेरी अर्धवट सोडून लगेच मदत मागा.