पेंग आलीय? मग या चुका टाळा

समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरने पळणारी गाडी ३ सेकंदांत १०० मीटर पुढे जाते. पेंगणाऱ्याचा डोळा लागतो तोही तेवढाच वेळ, आणि पुष्कळदा त्याला ते कळतही नाही. म्हणून ‘झोप आली की थांबेन, मला समजतं’ हा भरवसाच पहिली चूक. मागचे दोन किलोमीटर कसे सरले ते आठवत नसेल, तर थांबायला आधीच उशीर झालाय.

आपले उपाय ठरलेले: काच खाली, गाणी मोठ्याने, तोंडात चणे नाहीतर तंबाखू. पाच-दहा मिनिटं तरतरी वाटते, झोप मात्र तिथेच दबा धरून असते. तिला उतारा झोपेचाच.

खरा घोटाळा होतो तो ही डुलकी काढताना. घाईत गाडी महामार्गाच्या कडेलाच लावली जाते. मागचा ट्रकवालाही पेंगत असेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पेट्रोल पंप, फूड मॉल, ढाबा, जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथे थांबा. सावली बघा, काच बोटभर खाली ठेवा आणि इंजिन बंद करा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो, त्याला ना रंग ना वास. गजर २० मिनिटांचा. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड, हातपाय सुस्त. उठल्याउठल्या चावी फिरवू नका. तोंड धुवा, दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करा.

कॉफी घ्यायची तर झोपण्याआधी. तिचा अंमल चढायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, तोवर तुमची डुलकी झालेली असते. अर्थात हा जुगाड एकदापुरताच. रात्रभराची झोप त्याने भरून निघत नाही.

ऑफिसात दुपारी येणारी झापड ही केवळ डब्यातल्या भाताची करामत नव्हे, शरीराचं घड्याळच तेव्हा मंदावतं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढे जास्त सावध राहिले. वामकुक्षीवरून पुणेकरांना हसणाऱ्यांनी हे वाचावं. फक्त संध्याकाळी सहाला डुलकी नको, रात्रीची झोप उडते.

रात्रपाळी संपवून पहाटे दुचाकीला किक मारणाऱ्यांनी तर आधी कंपनीतच थोडं झोपावं, नाहीतर बस धरावी.

आणि रोज सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर डुलक्यांवर दिवस ढकलू नका. सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी चालू आहे का ते बघा. काहींनी गुंगी येते. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे स्लीप अ‍ॅप्नियाचं लक्षण असू शकतं. डॉक्टरकडे जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. श्वास किती वेळ थांबतो ते त्यालाच ठाऊक असतं.