स्टर्जनच्या पिल्लांना खाऱ्या पाण्याची सवय कशी लावायची

आधी एक सांगतो, घाई करू नका, कारण कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीतला ग्रीन स्टर्जन हा मासा गोड्या पाण्यातच जन्मतो आणि अंडी, अगदी छोटी पिल्लं यांना मीठ झेपतच नाही. वयापेक्षा साइज बघा, एकाच बॅचमधली मोठी पिल्लं आधी तयार होतात, म्हणून ग्रेडिंग करून बारकी वेगळी काढा.

समुद्रात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पिल्लाच्या रक्ताशी बरोबरी होते ती 9-10 ग्रॅमच्या आसपास, तिथपर्यंत त्याला फार त्रास होत नाही. खरा कस त्यापुढे लागतो, आता पाणी शरीरातून बाहेर ओढलं जातं, मग मासा खारं पाणी प्यायला लागतो आणि कल्ल्यातल्या खास पेशी जादा मीठ बाहेर टाकतात, पण या पेशी कामाला लागायला दिवस जातात हो!

म्हणून 10 ला पोचलं की काही दिवस थांबा, पिल्लं नीट खातायत असं दिसलं की मगच थोडं थोडं वाढवा. मरीन सॉल्ट वेगळ्या टाकीत विरघळवून घ्या, थेट टाकीत ओतू नका, आणि रोज रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यातलं मीठ मोजायचं उपकरण) रीडिंग घ्या. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो म्हणून एरेशन, म्हणजे पाण्यात हवा सोडणं, वाढवायचं, टेंपरेचर स्थिर ठेवायचं.

खाणं सोडलं, सुस्त पडली, वजन उतरलं तर लगेच एक पायरी खाली या. दोन आठवडे उशीर परवडतो, पिल्लं गेली की गेली.