पहिली इम्पॅक्ट गन घेताना आधी हवेचा हिशेब

फोंड्याच्या आमच्या गॅरेजमध्ये पहिली इम्पॅक्ट गन, म्हणजे हवेच्या जोरावर नट सोडवणारे यंत्र, आणली, तेव्हा मी तिच्या खोक्यावरचा एकच आकडा वाचला होता. तिथे ठळक अक्षरांत १,१०० न्यूटन-मीटर असे छापलेले होते, आणि मोटारीच्या चाकाचा नट शंभराच्या आसपास आवळलेला असतो हे ठाऊक असल्यामुळे दहापट जोर हाताशी आला अशी माझी समजूत झाली. पहिल्याच दिवशी वास्कोहून आलेल्या एका टॅक्सीचे चौथे चाक त्या गनने सोडले नाही. गन नुसती टकटक करत राहिली आणि शेवटी चाकाच्या पान्याला लोखंडी नळी लावून, तिच्यावर उभे राहून तो नट सोडवावा लागला. दुकानदाराला बोल लावायला निघण्यापूर्वी मी गनच्या तोंडाशी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून तिच्यावर प्रेशर गेज बसवले. घोडा सोडलेला असताना गेज साडेसात बार दाखवत होते, घोडा दाबताच काटा चारच्याही खाली आला. गन चांगली होती, पण स्प्रिंगसारखा गुंडाळलेला जो निळा पाइप मी तिला जोडला होता त्याचे आतले भोक दोन सुतांचेही, म्हणजे पाव इंचाचेही, नव्हते.

म्हणून पहिली गन निवडण्याचे काम कॉम्प्रेसरपासून सुरू करावे आणि गनपर्यंत सगळ्यात शेवटी यावे, असे माझे मत आहे. गनच्या पोटात पात्यांचा एक छोटा रोटर असतो. तो हवेच्या जोराने फिरतो आणि त्याच्याबरोबर फिरणारा हातोडा गनच्या पुढच्या चौकोनी टोकावर मिनिटाला शेकडो ठोके मारतो. नट सुटतो तो या ठोक्यांनी. रोटर पुरेसा वेगात फिरला नाही तर ठोके पडत राहतात, आवाजही तसाच येतो, पण त्यांच्यात दम नसतो. बहुतेक गनचे आकडे ६.२ बार, म्हणजेच ९० पीएसआय, एवढा दाब गनच्या तोंडाशी आणि घोडा दाबलेला असताना मिळतो असे गृहीत धरून दिलेले असतात. टाकीवरच्या गेजचा त्या आकड्यांशी थेट संबंध नाही.

हवा किती लागेल हे पाहताना माहितीपत्रकातला सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा याचा, आकडा जरा सावधपणे वाचावा. अर्धा इंची, म्हणजे पुढचे चौकोनी टोक अर्ध्या इंचाचे असलेल्या, गनपुढे चार किंवा पाच सीएफएम असे लिहिलेले असते, ते बहुधा सरासरीचे असते, म्हणजे मिनिटातली पंधरा सेकंदेच घोडा दाबलेला आहे असे धरून काढलेले. घोडा सतत दाबून ठेवला तर तीच गन वीसच्या आसपास सीएफएम हवा ओढते. छोट्या कॉम्प्रेसरकडून एका अश्वशक्तीमागे तीन ते चार सीएफएमहून जास्त हवेची अपेक्षा ठेवू नये, आणि विकत घेताना पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला आकडा न धरता प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा विचारावा, कारण या दोहोंत पाव ते एक तृतीयांश इतका फरक पडतो. या हिशेबाने दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर वीस सीएफएमच्या जवळपासही पोहोचत नाही, आणि तरीही गावोगावी त्याच्यावर चाके सुटतात, कारण खरे काम टाकीत साठलेली हवा करते.

टाकीचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा कागदावर मांडून पाहावा. दीडशे लिटरची टाकी ८.५ बारवर भरलेली आहे आणि ६.५ बारच्या खाली गन मंदावते असे धरले, तर वापरता येणारा दाब दोन बार आणि मोकळी हवा तीनशे लिटर, म्हणजे साडेदहा घनफूट. वीस सीएफएमने ती तीस-बत्तीस सेकंद पुरते. चार-चार नटांच्या चार चाकांना मिळून चाळीसेक सेकंद घोडा दाबावा लागतो, परंतु एक चाक उतरवून दुसऱ्याकडे जाईपर्यंत कॉम्प्रेसर टाकी पुन्हा भरत आणतो, त्यामुळे काम अडत नाही. याउलट सस्पेन्शनच्या गंजलेल्या बोल्टवर गन अर्धा मिनिट धरून ठेवली की टाकी रिकामी होते आणि हात चोळत बसावे लागते. चाकांपुरते काम असेल तर दोन अश्वशक्ती आणि दीडशे लिटर यांवर भागते. गाडीच्या खालची कामे रोज करायची असतील तर तीन अश्वशक्तीच्या खाली जाऊ नये. मोठा कॉम्प्रेसर घेण्याचा विचार असेल तर आपल्या जागेतले वीजजोड सिंगल फेज आहे की थ्री फेज हे आधी तपासावे.

पाइपाच्या बाबतीत तडजोड करू नये. अर्धा इंची गनसाठी पाइपाचे आतले भोक तीन सूत, म्हणजे साधारण दहा मिलिमीटर असावे, लांबी कामापुरतीच ठेवावी आणि गुंडाळीचा पाइप टायरमध्ये हवा भरण्यासाठी राखून ठेवावा. पाइप जोडणारे कपलरही तितकेच पाहण्यासारखे असतात, कारण तीन सुतांच्या पाइपाला अरुंद तोंडाचा कपलर जोडला तर मोठ्या पाइपाचा सगळा फायदा त्या एका जागी संपतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे. गनच्या हवेच्या तोंडाचे आटे बहुधा पाव इंची असतात, पण त्यांच्या दोन जाती आहेत: आपल्याकडच्या फिटिंगना सहसा बीएसपी आटे असतात, त्यात इंचाला १९ आटे बसतात, तर अमेरिकी घडणीच्या गनना एनपीटी आटे असतात, त्यात १८. एकाचा निपल, म्हणजे आट्यांचा नळीसारखा तुकडा, दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि टेफ्लॉनची टेप कितीही गुंडाळली तरी फुसफुसत राहतो. दुकानातच निपल हाताने फिरवून पाहावा आणि चार फेऱ्यांच्या आत जड लागला तर जोर न लावता जात विचारावी.

आता गनच्या मापाकडे येऊ. तीन सुती गन दुचाकीच्या आणि बॉनेटखालच्या अडचणीच्या जागांसाठी ठीक असते. मोटारी, टॅक्सी आणि जीप यांसाठी अर्धा इंची हेच पहिले माप, त्यात फारसा विचार करण्यासारखे काही नाही. पाऊण इंची गन लहान ट्रकना लागते आणि मोठ्या टिप्परच्या दहा नटांच्या चाकांना एक इंची गनच पाहिजे. परंतु त्या गनसोबत मोठा कॉम्प्रेसर आणि जाड पाइपही येतो, म्हणजे खर्च कैक पटींनी वाढतो. डिचोली आणि उसगावच्या पट्ट्यात टिप्परचे काम पाहून थेट तिथूनच सुरुवात करावी असे काही जणांना वाटते. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या हे त्यांनी ध्यानात ठेवावे आणि पहिले भांडवल अर्धा इंची गनमध्येच घालावे.

जोराचा आकडा वाचताना तो उलट्या दिशेचा आहे की सुलट्या, हे पाहावे. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा नट सोडण्याच्या दिशेचा आणि अगदी अनुकूल स्थितीत मोजलेला असतो. त्याच पत्रकात कामाचा पल्ला म्हणून दिलेला लहान आकडा जास्त खरा धरावा. काही ठिकाणी आकडा फूट-पाउंडांत असतो, त्याला १.३५६ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. किलोग्रॅम-मीटर असतील तर ९.८ ने गुणावे. मोटारींच्या कामासाठी सोडण्याच्या दिशेला सहाशे ते आठशे न्यूटन-मीटर एवढा प्रामाणिक जोर पुरेसा होतो. इथे आपल्या हवामानाचा विचार केलाच पाहिजे. कळंगुट किंवा कोळव्याला वर्षानुवर्षे समुद्राच्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी आणि फोंड्यात घरात ठेवलेली गाडी या दोहोंचे नट एकाच जोराने आवळलेले असले, तरी सोडवताना पहिलीला दुप्पट वेळ लागतो. अशा नटांना गन लावण्याच्या अर्धा तास आधी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

ठोक्याच्या यंत्रणेत ट्विन हॅमर जातीची गन घ्यावी. तिच्यात समोरासमोरचे दोन हातोडे एकाच वेळी ठोका देतात, त्यामुळे हाताला बसणारा धक्का कमी असतो आणि ती टिकतेही बरी. वजन मात्र स्वतः उचलून पाहावे: फायबरच्या अंगाची गन दोन किलोच्या आसपास असते, अ‍ॅल्युमिनियमची अडीचच्या पुढे, आणि लिफ्टखाली हात वर करून काम करताना हा अर्धा किलो संध्याकाळपर्यंत खांद्यात उतरतो. उलट-सुलट दिशा बदलण्याचा खटका गन धरलेल्याच हाताच्या अंगठ्याने फिरतो का, हे तपासावे. पुढचे चौकोनी टोक बोटांत धरून हलवावे. थोडी ढिलाई असतेच, पण ते खडखड वाजत असेल तर ती गन परत ठेवावी. टोकावर गोटी (सॉकेटला वर्कशॉपमध्ये गोटी म्हणतात) अडकवून ठेवण्यासाठी रिंग असते किंवा खिळी. चाकांच्या कामात गोटी पटकन बदलता यावी लागते, म्हणून रिंग सोयीची.

हातपान्याच्या चकचकीत गोट्या गनला कधीही लावू नयेत. त्या क्रोम व्हॅनेडियमच्या, कठीण आणि पातळ असतात. ठोके खाऊन त्या फुटतात आणि तुकडे कुठे उडतील याचा नेम नसतो. गनसाठी काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्या मिळतात, त्यातही सहा कोनी घ्याव्यात, कारण बारा कोनी गोटी झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. सुरुवातीला १७, १९ आणि २१ मिलिमीटरच्या तीन खोल गोट्या पुरतात. अलॉय चाकांसाठी बाहेरून प्लास्टिकचे वेष्टन असलेली पातळ गोटी मिळते, ती टॅक्सीवाल्यांचे शिव्याशाप वाचवते. गनचा आवाज सहज शंभर डेसिबलच्या घरात जातो, तेव्हा कानांत बोळे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आवळण्याचे काम गनवर सोडू नये. गनच्या मागे असलेल्या १, २, ३ अशा खुणा म्हणजे मोजमाप नव्हे, कारण त्याच खुणेवर टाकी भरलेली असताना आणि अर्धी असताना वेगळा जोर बसतो. नट आधी हाताने चार फेरे बसवावेत, गनने कमीत कमी खुणेवर नुसते टेकवावेत, गाडी खाली उतरवून समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्याने, पुरे करावेत. बहुतेक लहान मोटारींना हा जोर ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गनने कचकचून आवळलेल्या चाकाचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते, आणि पत्रादेवीच्या पुढे रात्री पंक्चर झाले तर गिऱ्हाइकाला डिकीतल्या पान्याने तो नट सुटत नाही. खर्चाची ओढाताण असेल तर थोडी स्वस्त गन घ्यावी, पण टॉर्क पाना त्याच दिवशी घ्यावा.

जूननंतर हवेतले पाणी हाच गनचा मोठा शत्रू होतो. तीस अंश तापमानाच्या दमट हवेत घनमीटरमागे सत्तावीसेक ग्रॅम पाणी असते आणि दाबलेली हवा टाकीत थंड झाली की त्यातले बहुतेक तळाशी जमते. सहा सीएफएमचा कॉम्प्रेसर चार तास चालला तर हे पाणी लिटरभर भरते. पहिल्या पावसाळ्यात आमच्या टाकीचा तळाचा कॉक मी आठवड्याने उघडला, तेव्हा अर्धी बादली तांबडे पाणी आले. तो कॉक रोज संध्याकाळी उघडावा, टाकीनंतर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा, आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी गनच्या तोंडात एअर टूल ऑइलचे चार-पाच थेंब टाकावेत. इंजिन ऑइल घट्ट असते, त्याने पाती चिकटतात, म्हणून ते वापरू नये.

कितीही जपले तरी झिजायची ती पाती झिजतातच. त्यामुळे नामांकित कंपनीची गन असो वा साधी, पैसे देण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या पात्यांचा एक संच दुकानदाराकडे मागावा आणि गनबरोबरच घेऊन ठेवावा. मडगाव, म्हापसा, फोंडा यांपैकी कुठेही तो संच हातात पडत नसेल, तर गन कितीही आवडलेली असली तरी दुसरी पाहावी.