कोच कमी पडतोय की संघच तेवढा आहे? वाद घालताना या चुका टाळा

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनामध्ये सामना बरोबरीत सुटला की आझाद नगर मेट्रो स्टेशनपर्यंतच्या रस्त्यातच चाहत्यांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसरा म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. घाटकोपर येईपर्यंत दोन्ही बाजूंचे आवाज चढलेले असतात आणि मुद्दे मात्र जिथल्या तिथेच असतात.

हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढच्या हंगामात कोच बदलायचा की खेळाडू, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. उत्तर चुकलं तर क्लबची एकदोन वर्षं सहज वाया जातात. म्हणून वाद जरूर घाला, पण त्या कोचच्या हातात त्या वेळी नेमकं काय होतं, ते आधी तपासा. तिथेच आपण सगळ्यात जास्त चुकतो.

जर्सी तीच, म्हणून संघही तोच असं धरणं

४ मे २०२४ रोजी मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असं हरवून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, कप जिंकला. हा कप बाद फेरीतून मिळतो. पुढच्या हंगामात तोच संघ सहाव्या स्थानावर राहिला आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बेंगळुरूकडून ५-० असा हरला. दोन्ही वेळा कोच पेट्र क्रॅटकीच होता. ‘मग एका वर्षात हा माणूस कोचिंग विसरला का?’ हा प्रश्न तेव्हा सगळीकडे ऐकू यायचा.

विसरला नव्हता. मधल्या उन्हाळ्यात अपुइया मोहन बागानकडे गेला. राहुल भेके, होर्हे पेरेरा डियाझ आणि अल्बर्टो नोगेरा असे तिघे बेंगळुरूकडे गेले. भेके मुंबईचा मुलगा आणि संघाचा कर्णधार. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध २-१ असा जो ऐतिहासिक विजय मिळाला, आशियाई चॅम्पियन्स लीगमधला कुठल्याही भारतीय क्लबचा पहिला, त्यातला विजयी गोल त्याचाच होता. अपुइयाचं काम तर आकड्यांत फारसं दिसायचंच नाही. बचावपटूंकडून चेंडू घ्यायचा, अंगावर माणूस असताना वळायचं आणि पुढे द्यायचा. असा खेळाडू गेला की चेंडू एकतर बाजूला फिरत राहतो, नाहीतर लांब मारला जातो. स्टँडमधून बघताना वाटतं की कोचने डावपेच बदलले. खरं तर डावपेच तेच असतात, ते अमलात आणणारा पाय नसतो.

याचा अर्थ क्रॅटकीवर बोट ठेवायला जागाच नव्हती असा नाही. त्या हंगामात २४ पैकी ९ सामने बरोबरीत सुटले. आघाडी घेतल्यावर संघ मागे का सरकतो, गोलची गरज असताना शेवटच्या अर्ध्या तासात काय बदल होतात, हे प्रश्न कोचलाच विचारायचे असतात. ‘खेळाडू गेले’ हे त्यांचं पुरेसं उत्तर होत नाही.

उपाय सोपा आहे. गेल्या हंगामात सगळ्यात जास्त मिनिटं खेळलेले अकरा जण कागदावर लिहा. शेजारी या हंगामातले अकरा लिहा. किती नावं बदलली आणि ती मैदानाच्या कुठल्या भागातली आहेत, हे दिसलं की वाद निम्मा तिथेच मिटतो.

जुन्या कोचशी तुलना करतानाही हाच कागद काढा. ‘लोबेरा असता तर...’ असं म्हणणाऱ्यांची तळमळ मला कळते. २०२०-२१ मध्ये मुंबईचा कोच असलेल्या सर्जिओ लोबेराने शील्ड (लीगच्या तक्त्यात पहिलं येण्याचा मान) आणि कप दोन्ही आणले होते. पण तो गोव्याहून आला तेव्हा मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई हेही गोव्याहून मुंबईत आले होते. म्हणजे त्याची पद्धत तोंडपाठ असलेले खेळाडू त्याला पहिल्या दिवसापासून मिळाले. शिवाय तेव्हा मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालत. २०२१-२२ पासून ती संख्या चारवर आली आणि पुढच्या कोचना एक जागा जास्त भारतीय खेळाडूंतून भरावी लागली. लोबेराचं यश यामुळे लहान होत नाही. पण क्रॅटकीला त्याच फूटपट्टीने मोजणं अन्यायाचं आहे.

एका रात्रीवरून निकाल देणं

मुंबईचा तेव्हाचा कोच डेस बकिंगहॅम याचा २०२२-२३ चा संघ सलग १८ लीग सामने अपराजित राहिला. २० सामन्यांत ४६ गुण, ५४ गोल आणि शील्ड. मग उपांत्य फेरीत बेंगळुरूविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये तोच संघ बाहेर पडला, आणि ‘मोठ्या सामन्यात कोच कमी पडतो’ असं म्हणणारे उगवले. पुढच्या वर्षी बरोबर उलटं झालं. शील्ड एका गुणाने हुकली, ४८ विरुद्ध ४७, आणि कप मिळाला.

खेळाडूंमधून किती काढलं जातंय हे लीगचं तक्त्यातलं स्थान बऱ्यापैकी सांगतं, कारण तिथे नशीब दोन्ही बाजूंनी झुकून जवळपास सारखं होतं. बाद फेरीतल्या दोनतीन सामन्यांत तेवढा वेळच नसतो. टॉटनहॅमने २०२५ मध्ये बिलबाओत युरोपा लीग जिंकली, आणि त्याच हंगामात ते प्रीमियर लीगमध्ये १७ वे आले. क्लबने कोच पोस्टेकोग्लूला काढलं तेव्हा अनेकांना ते निर्दयपणाचं वाटलं. मला तो निर्णय समजतो. ३८ सामन्यांचा पुरावा एका संध्याकाळपेक्षा जड असतो.

एका सामन्याबद्दलच बोलायचं असेल तर निदान संधी मोजा. एक्सजी, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल अपेक्षित होते त्याचा अंदाज, आता बहुतेक स्कोअर अ‍ॅपवर असतो. संघाने भरपूर संधी तयार करून शून्य गोल केले असतील तर त्या रात्री कोचला शिव्या घालू नका. संधीच तयार होत नसतील आणि तसं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर प्रश्न कोचकडेच वळवायला हवा.

नावांची बेरीज करणं

मुंबईत मँचेस्टर युनायटेडचे चाहते गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हे उदाहरण सगळ्यांना लागू पडेल. रुबेन आमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये कोच म्हणून आला आणि त्याने मागे तीन बचावपटूंची रचना आणली. हाताशी असलेला संघ चार बचावपटूंच्या रचनेसाठी जमवलेला होता. विंगबॅकच (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे) नव्हते म्हणून लेच्चेहून पॅट्रिक दोर्गूला आणावं लागलं. हंगाम संपला तेव्हा संघ १५ वा, ४२ गुणांवर. ‘एवढ्या किमतीचे खेळाडू आणि १५ वा?’ हा आरोप ऐकायला जोरदार वाटतो, पण खेळाडूची किंमत म्हणजे या रचनेतली त्याची उपयुक्तता नव्हे.

तरीही इथे माझं मत कोचच्या विरोधात आहे. हंगामाच्या मध्यावर आलेल्या माणसाने मिळालेल्या माणसांना बेतून रचना ठरवायला हवी होती. संघ चुकीचा जमवला हा दोष क्लबचा, आणि तो माहीत असूनही हट्ट धरला हा कोचचा. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वादात मात्र बहुतेक जण यातलं एकच निवडतात.

‘सब का नाही केला?’

इथे थोडक्यात. सब, म्हणजे बदली खेळाडू. असे पाच बदल मिळतात, पण हाफटाइम सोडून खेळ थांबवायच्या संधी तीनच. ६० व्या मिनिटाला एक, ७० व्याला एक असे सुटे बदल केले की शेवटच्या दहा मिनिटांसाठी एकच संधी उरते आणि कुणी दुखावलं तर पंचाईत. ओरडण्याआधी किती संधी संपल्या ते मोजा, आणि बेंचवर त्या जागेचा खेळाडू खरंच बसलाय का तेही बघा.

प्रत्येक वेळी फर्ग्युसनचा दाखला देणं

‘फर्ग्युसनलाही वेळ लागला होता’ हे वाक्य कुठल्याही कोचला वाचवायला वापरलं जातं. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आलेल्या फर्ग्युसनला लीग १९९३ मध्ये मिळाली, हे खरं. पण मधल्या काळात १९८८ मध्ये दुसरं स्थान, १९९० चा एफए कप, १९९१ चा युरोपियन कप विनर्स कप, १९९२ चा लीग कप, अशा खुणा होत्या. आर्टेटाच्या आर्सेनलचंही तसंच. डिसेंबर २०१९ मध्ये तो कोच म्हणून आला; पहिल्याच हंगामात एफए कप, लीगमध्ये मात्र दोनदा आठवं, मग पाचवं, मग दुसरं स्थान. वेळ मागणाऱ्याने काय आणि कधीपर्यंत दिसायला हवं ते आधीच सांगावं. नाहीतर ती मुदत दर महिन्याला पुढे सरकत राहते.

खेळाडू सुधारले का, हे न बघणं

कोच संघातून पुरेसं काढतोय का, याचा सगळ्यात सरळ पुरावा हाच, आणि वादात तो सगळ्यात कमी निघतो. आधीपासून असलेला एखादा खेळाडू या कोचच्या हाताखाली चांगला झाला का? बिपिन सिंग २०१८ पासून मुंबईत होता. लोबेराच्या हंगामात त्याने ओडिशाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि अंतिम सामन्याच्या ९० व्या मिनिटाला विजयी गोल मारला. छांगटे तर दिल्ली, चेन्नई असा फिरून २०२२ च्या जानेवारीत मुंबईत आला. वेग सगळ्यांनाच दिसत होता, शेवटचा पास आणि फिनिशिंग कच्चं होतं. बकिंगहॅमच्या हाताखाली तो २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशी दोनतीन नावं सांगता आली तर कोचची बाजू भक्कम. आणि दोन हंगामांनंतरही एकच नाव सुचत नसेल, जे चांगले खेळतायत ते चांगले होऊनच आले असतील, तर क्लबने कितीही खेळाडू विकले असले तरी त्या कोचची बाजू मी घेणार नाही.