फायनल इयर प्रोजेक्ट: दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालवून दाखवा

इंजिनीअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुतेक ग्रुप सबमिशनच्या तोंडावर जोडायला घेतात आणि सेन्सर व कोडचं जमत नाही हे तेव्हा कळतं. त्यापेक्षा स्क्रमची पद्धत घ्या, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत वाटून प्रत्येक टप्प्याला काहीतरी चालवून दाखवायचं. त्यातला एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, जास्तीत जास्त महिन्याचा असतो. तुमच्यासाठी दोन आठवडे पुरेत. स्प्रिंट संपला की गाइडना पीपीटी दाखवू नका, चालणारा भाग दाखवा.

हार्डवेअर असेल तर ज्या भागाची सर्वांत जास्त धास्ती वाटते, तोच पहिल्या स्प्रिंटमध्ये घ्या. पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) बनवायला टाकण्याआधी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मॉड्यूल आणा आणि ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर, जोडून बघा. मोटरच्या जागी नुसता एलईडी पेटला तरी चालेल. सिग्नल पोहोचतोय एवढं तरी नक्की कळतं.

एक जण विरारला, दुसरा पनवेलला, तेव्हा संध्याकाळी भेटण्याचं ठरवूच नका. लेक्चर संपल्यावर लॅबबाहेर उभ्याउभ्याच पंधरा मिनिटं बोला: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. अडलेलं सोडवायला नंतर संबंधित दोघांनीच बसायचं.

स्क्रम मास्टर, म्हणजे ही पद्धत नीट चालतेय ना हे बघणारा, दर स्प्रिंटला बदला. हुकूम सोडणं हे त्याचं काम नाही. लॅब उघडून घेणं, खरेदीच्या अर्जावर सही मिळवणं, असे अडथळे त्याने दूर करायचे. ग्रुपमध्ये गप्प बसणाऱ्यांनाही ही पाळी द्याच. नेतृत्व करायची संधी त्यांना एरवी कुणी देत नाही.