पाणी दिलेल्या लोखंडावर वेल्डिंग करताय? या चुका टाळा

मृग लागायच्या आधी पंधरा-वीस दिवस माझ्या दुकानासमोर तीच रांग लागते, वखराची पास म्हणजे माती कापणारं पातं, कल्टिव्हेटरचे फण, रोटाव्हेटरची पाती, ट्रॉलीच्या कमानी म्हणजे भार झेलणारे स्प्रिंगचे पाटे, आणि त्यातला अर्धा माल आधी कुठंतरी वेल्डिंग मारून पुन्हा तुटलेला. तुटलेली जागा नीट पाहा. जोड जसाच्या तसा असतो, तुटलेलं असतं जोडाच्या काठाला लागून. लोक म्हणतात रॉड खराब होता. रॉड नाही राजेहो, बाजूचं लोखंड मेलं.

अँगल-चॅनलच्या साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, ते कसंही जोडा, माफ करते. कमानीच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन. कारखान्यात त्याला लाल करून तेलात बुडवतात, म्हणजे एकदम थंड करून कडक करतात, यालाच पाणी देणं म्हणतात, आणि मग परत चारशे-पाचशे डिग्री सेल्सिअसला तापवून चिवट करतात. तुम्ही त्यावर रॉड चालवला की जोडाला लागून असलेली पट्टी लालबुंद होते आणि बाजूचं थंड लोखंड तिची उष्णता एका क्षणात ओढून घेते, म्हणजे तिला नवीन पाणी बसलं पण चिवटपणा कोणी दिलाच नाही. ती काचेसारखी होते. तिथून दोन बोटं पुढं उलटं, तिथलं जुनं पाणी उतरून लोखंड मऊ पडते. खात्री करायची तर कानस घेऊन जोडापासून बाहेर ओढत न्या. काठाला कानस नुसती घसरते, कीस निघतच नाही, आणि जरा पुढं गेली की कचकच खायला लागते. एकाच जोडात दोन दोष.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: कमानीचा मेन पाटा जोडणं. हे मी स्वतः केलं आहे. कापसाचे दिवस, संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईक दारात उभं, "भाऊ, दोन टाके मारून द्या, गाडी भरून उभी हाये, उद्या जिनिंगले नंबर हाये." मी ग्राइंडरनं जोडाच्या जागी व्ही आकाराची खाच घासली, साधा ६०१३ रॉड भरला, जोड देखणा झाला, आणि घाई होती म्हणून वरून बादलीभर पाणी ओतलं. पाणी ओतताना बारीक टिक असा आवाज आला होता, मला अजून आठवतो, मी लक्ष दिलं नाही. गाडी तीन-चार किलोमीटर गेली असेल, कॅनॉलच्या वळणावर पाटा जोडाच्या काठाला तुटला, ट्रॉली कलंडली, कापूस पाण्यात आणि ड्रायव्हरचा खांदा मोडला. जीव वाचला हे नशीब. मी दवाखान्यात गेलो होतो, त्याची बायको एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मेन पाटा मी जोडत नाही, कोणी कितीही विनवलं तरी नाही. नवीन पाटा आणा, बसवून देतो.

गरम जोडावर पाणी ओतणं हीच दुसरी चूक. नवीन पोरांना धीर नसतो, जोड लाल असतानाच बादली शोधतात. माझ्याकडं अर्ध्या ड्रममध्ये चुलीची कोरडी चाळलेली राख असते, काम झालं की वस्तू हळूहळू थंड व्हायला तिच्यात पुरायची आणि सकाळपर्यंत विसरून जायची.

तिसरी चूक डोळ्यानं तापमान ठरवणं. "लाल झालं की बस" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कोणत्या उजेडात लाल? आपल्या मे महिन्याच्या उन्हात लाल झालेलं लोखंड काळंच दिसते, माणूस अजून तापवत राहतो. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत १९०३ मॉडेलच्या रायफलींचं हेच झालं. नळी बसते आणि बोल्ट चालतो तो मुख्य भाग तापवताना जुने कारागीर नजरेनं उष्णता ओळखायचे. १९१७ मध्ये रायफली फुटल्या तेव्हा तपासात निघालं की ढगाळ दिवसाच्या मानानं लख्ख उन्हात लोखंड तीनशे फॅरनहाइटपर्यंत जास्त तापत होतं. मग भट्ट्यांना तापमानाचे मीटर लागले, उष्णता देण्याची पद्धत बदलली, आणि आठ लाखाच्या आतल्या नंबरची ती रायफल आजही जाणकार माणूस झाडायला घाबरतो. हयात भट्टीसमोर घालवलेले कारागीर होते ते. मी तापमानाचा खडू वापरतो, ठरलेल्या डिग्रीला वितळतो, महाग नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले ७०१८ रॉड तसेच वापरू नका, ओलाव्यातला हायड्रोजन जोडाच्या काठात शिरून नंतर चीर पाडतो, ओव्हनमध्ये तीनशे-साडेतीनशेला तासभर भाजा. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ लावा, करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग डागते. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर काम असेल तर बॅटरीची वायर काढा. रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं जोडू नका, फिरताना तुकडा उडाला तर मागं चालणाऱ्याच्या पायात जाईल. गिट्टी क्रशरचा मँगनीजचा जबडा आला तर सगळं उलटं धरा, त्याला आधी तापवायचं नाही आणि काम करतानाही गरम होऊ द्यायचं नाही.

आता वखराची पास, कारण हे काम होते आणि नीट होते. बहुतेक पास जुन्या कमानीच्या पाट्याचीच असते, लोहारानं धारेला पाणी दिलेलं. जोड मागच्या कडेला हवा आणि धारेचं पाणी टिकलं पाहिजे. मी धार ओल्या बारदान्यात गुंडाळतो. बारदाना धारेवर, जोडावर नाही, हे पोरं नेहमी चुकतात. मधल्या भागात पॉलिश पेपरनं घासून बोटभर रुंद चकचकीत पट्टी करतो. मागची कड गॅसनं दोनशे-अडीचशेपर्यंत तापवायची, ३१२ नंबरचा स्टेनलेस रॉड घ्यायचा, इंचभर भरून थांबायचं, आणि नजर त्या पट्टीवर. गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला म्हणजे तिथं सव्वादोनशेच्या आसपास झालं. तो पिवळा धारेकडं सरकायला लागला की हात थांबवा आणि बारदान्यावर पाणी शिंपडा. निळा दिसला म्हणजे तीनशेला गेला, तो धारेपर्यंत पोचला तर धारेचं पाणी उतरलं, पास परत लोहाराकडं.

"कायले इतका टाइम लावता?" असं रोज ऐकतो. पण पास मी दुसऱ्या दिवसाआधी देत नाही, कारण अशी चीर कधी चोवीस तासांनी उमटते, कधी त्याहून उशिरा. सकाळी राख झटकायची, जोडावर रॉकेल लावून कोरड्या फडक्यानं पुसायचं, वरून साधा पांढरा खडू घासायचा आणि चहा होईपर्यंत थांबायचं. चीर असली तर खडूवर केसासारखी काळी ओली रेघ उमटते. रेघ दिसली की ग्राइंडरनं सगळा जोड काढून पहिल्यापासून सुरुवात, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.